तिसरीची वेळ

शर्यत जिंकणारीचं नाव दुसऱ्या दिवशी पेपरात येतं. मल्लव्वाने जे केलं ते पेपरात मावणारं नव्हतं. त्या दिवशी मी संघाच्या गाडीत मागच्या सीटवर होतो. माझ्यापेक्षा जाणती माणसं त्याच गाडीत होती, पण ती लिहीत नाहीत, म्हणून हे काम माझ्याकडे आलं.

आमच्या संघाचं नाव ‘सीना रेसिंग’. सहा मुली, सगळ्या पगारी. रस्त्यावर सायकल पळवणं हीच त्यांची नोकरी. संघ चालवणारे अमृतशेठ, टॉवेलचे कारखानदार. मुलींना तयार करणाऱ्या दाक्षायणी मॅडम मूळच्या अक्कलकोटच्या, एके काळी स्वतः देशासाठी सायकल पळवलेल्या. सायकली सांभाळणारा आणि गाडी चालवणारा जोतिराम. आणि मी. भवानी पेठेतल्या एका लहान वाचनालयात मी छत्तीस वर्षं ग्रंथपाल होतो. दाक्षायणी शिकायला सोलापुरात होती तेव्हा तिथे वाचायला येई. मी निवृत्त झाल्यावर एकदा घरी आली आणि म्हणाली, “अण्णा, माझ्या मुलींना रस्त्याची वही करून द्या.”

“बाई, मला धड सायकल येत नाही,” मी म्हणालो. “लहानपणी एकदा पडलो, तेव्हापासून...”

“चालवा असं कुणी म्हटलं? बघा आणि लिहा म्हणतेय. तेवढं तर येतं ना?”

तेवढं तरी येतं का, याची मला खात्री नव्हती. पण गेली तीन वर्षं मी ते करतो, आणि आता मीही तिला सगळ्यांसारखं मॅडमच म्हणतो. शर्यतीआधी जोतिरामच्या मोटारसायकलवर मागे बसून सगळा रस्ता फिरायचा. खड्डा कुठे, गतिरोधक कुठे, उसाचा ट्रॅक्टर कुठल्या वळणावर एकदम रस्त्यावर येतो, झाडं कुठे संपतात आणि वारा कुठे लागतो, हे किलोमीटरच्या आकड्यासह लिहून काढायचं. शर्यतीत मी ते वाचतो आणि मॅडम वॉकीटॉकीवरून मुलींना सांगतात. मुलींच्या कानात बारीक यंत्र असतं, त्यातून त्यांचं बोलणंही इकडे येतं. माझा आवाज पुढच्या सीटपर्यंतच पोचतो, त्यामुळे ही वाटणी आम्हा दोघांनाही बरी पडत होती.

मल्लव्वा बावीस वर्षांची. मंगळवेढ्याच्या पलीकडे, हुलजंतीच्या बाजूचं तिचं गाव. घरी मेंढरं. वडील येडू अजूनही कळप घेऊन आठ महिने बाहेर असतात. ती संघात आली त्या दिवशी मॅडमनी फळ्यावर आकृती काढून समजावलं होतं, की पुढच्या सायकलच्या आडोशाला राहिलं तर मागच्या सायकलवालीचे जवळजवळ तिसरा हिस्सा कष्ट वाचतात. बाकीच्या मुली वह्यांत उतरवून घेत होत्या. मल्लव्वा म्हणाली, “मॅडम, ह्याला फळा कशाला पायजे? भर उन्हात मेंढरं उभी ऱ्हातात तवा दर एक मेंढरू दुसऱ्याच्या पोटाखाली डोस्कं घालतंय. सावली समद्यास्नी मिळती. फकस्त कडंच्याला न्हाय.”

“मग कडेच्याचं काय होतं?”

“बदलत ऱ्हातंय की. न्हाय बदललं तर मी बदलती, काठी घिऊन.”

मॅडम त्या दिवशी हसल्या आणि मल्लव्वाला कडेला ठेवलं ते कायमचं. वारा अंगावर घ्यायचा, गाडीपाशी मागे येऊन सगळ्यांच्या पाण्याच्या बाटल्या पाठीशी खोचून पुढे न्यायच्या, रुद्राणी मागे पडली तर तिला ओढून आणायचं. शेवटच्या दोन किलोमीटरमध्ये रुद्राणी सुसाट सुटते, चढावर सृष्टी पुढे जाते, आणि तोवर मल्लव्वाचे पाय संपलेले असतात. ती तिसावी येते, चाळिसावी येते. तीन वर्षांत पहिल्या दहांच्या एकाही यादीत तिचं नाव लागलं नाही, आणि कुणी त्याची खंतही केली नाही. कामच तसं होतं.

गेल्या जुलैअखेर भीमाकाठ चषकाची शर्यत झाली. उजनीच्या बॅकवॉटरकाठून निघायचं आणि पाच दिवसांनी सोलापुरात संपवायचं. या शर्यतीत व्यक्तीचं बक्षीस वेगळं आणि संघाचं वेगळं. संघाचा हिशेब सोपा आहे, जोतिरामने मला चहाच्या कपांवर समजावला होता. रोज प्रत्येक संघाच्या पहिल्या तीन मुलींच्या वेळा घेतात आणि त्यांची बेरीज करतात. पहिलीने बाजी मारली आणि तिसरी उशिरा आली तर संघ मागे पडतो. एकाच घोळक्यात आलेल्या सगळ्यांना मात्र एकच वेळ मिळते, मग कुणी पुढे असो वा मागे.

संघांमध्ये पहिल्या येणाऱ्या संघाला पुढच्या वर्षीच्या सगळ्या मोठ्या शर्यतींचं आमंत्रण होतं. अमृतशेठ सरळ माणूस. त्यांनी निघतानाच सांगितलं होतं, “आमंत्रण आलं तर संघ राहील. नाही आलं तर मी एवढंच ओढू शकत होतो, असं समजा.”

चौथ्या दिवशी संध्याकाळी आम्ही अक्कलकोटच्या लॉजवर उतरलो तेव्हा संघात तीनच मुली उरल्या होत्या. दोघी पहिल्याच दिवशी पडून जखमी झाल्या होत्या, तिसरी तापाने घरी गेली होती. रुद्राणी, सृष्टी आणि मल्लव्वा. आणि तरीही आम्ही पहिले होतो, उत्तरेकडून आलेल्या हिरव्या कपड्यांच्या संघापेक्षा अडतीस सेकंदांनी पुढे.

मल्लव्वा पायऱ्यांवर पाय पसरून शेंगापोळीचे तुकडे खात बसली होती. मी जवळ बसलो.

“अण्णा, उद्या बिघडलं तर रुद्राणीताईला कुनीबी घील. सृष्टीचंबी तसंच. दोघींची नावं समद्यांना ठावं हायती.”

“तुझंही काम लोकांना दिसतं,” मी म्हणालो. बोलून झाल्यावर मलाच ते खरं वाटेना.

“कुनाला दिसतंय? हरलेल्या संघाची तिसावी कोन घेतंय!” ती हसली. तक्रार नव्हती, हवामान सांगावं तसं सांगत होती. “माजा हाच एक संघ हाय. उद्या टिकवायचा. झालं.”

मग तिने उरलेला तुकडा माझ्या हातावर ठेवला. “खावा. तुमीच लई घाबरल्यावानी दिसताय.”

शेवटचा टप्पा सत्त्याण्णव किलोमीटरचा. अक्कलकोटहून दुधनीकडे जायचं, तसंच मागे फिरायचं आणि अक्कलकोट ओलांडून सोलापूर. पाऊस आठ दिवस दडी मारून बसला होता, पण वारा होता. असा वारा, की लॉजच्या दारातला फलक सकाळपासून भिंतीवर आपटत होता. पश्चिमेचा वारा. सोलापूरकडे तोंड केलं की तो डाव्या हाताने, थोडा पुढून लागतो.

असा वारा असला की सायकली एकामागे एक धावत नाहीत. पहिली रस्त्याच्या डाव्या कडेला, दुसरी तिच्या उजव्या अंगाला जरा मागे, तिसरी आणखी उजवीकडे, अशी तिरकी रांग होते. पुढची दमली की मागे सरकते आणि दुसरी पुढे येते. रस्त्याची रुंदी संपली की रांगेतली जागाही संपते. ज्यांना जागा मिळत नाही त्या उजव्या कडेला एकटीने वारा खात राहतात, आणि थोड्या वेळाने त्यांची फक्त नावं ऐकू येतात.

अक्कलकोट ओलांडलं तेव्हा साठ जणींचा घोळका होता. वळसंगपर्यंत बावीस उरल्या. आमच्या तिघीही त्यात होत्या. हिरव्यांच्याही तिघी होत्या. मॅडम खिडकीतून डोकं बाहेर काढून ओरडत होत्या, जणू वॉकीटॉकीवर त्यांचा विश्वास नव्हता. “शाब्बास मल्लव्वा! तशीच डावी कड धर!”

“मॅडम, तिला यंत्रातून ऐकू येतंय,” जोतिराम म्हणाला. “आता सगळ्या वळसंगालाबी आलं.”

अठ्ठ्याहत्तराव्या किलोमीटरपाशी, म्हणजे शेवटाला एकोणीस राहिले असताना, डाव्या बाजूला माळावर एक टेम्पो उभा दिसला. त्याच्यापुढे पाच-सहा माणसं, खांद्यावर घोंगड्या, डोक्याला फेटे. मी वहीत पाहत होतो, त्यामुळे मला ती नीट दिसली नाहीत. जोतिराम म्हणाला, “मल्लव्वाची मानसं हायती वाटतं.”

तिचे वडील येडू आले होते. लेकीची शर्यत त्यांनी कधी पाहिली नव्हती. आज घराच्या इतक्या जवळून जाणार म्हटल्यावर कळप भावाच्या ताब्यात देऊन ते पहाटे निघाले होते. आणि त्यांच्याकडे मान द्यायचा म्हणजे भंडारा उधळायचा. हळदीची पूड, ओंजळीने. हुलजंतीच्या जत्रेत माणसं त्यात रंगून निघतात. येडूंनी पिशवीभर आणली होती.

मल्लव्वा तेव्हा नेमकी रांगेच्या पुढच्या टोकाला होती, डाव्या कडेला, त्यांच्यापासून दोन हातांवर.

“बिरोबाच्या नावानं चांगभलं!” असा आवाज आला, आणि पुढे पिवळं काहीतरी फुटल्यासारखं दिसलं.

चाळीस वर्षं वाऱ्याची दिशा बघून मेंढरं बसवणारा माणूस त्या एका क्षणी वारा विसरला. भंडारा वर उडाला नाही. वाऱ्याने तो आडवा धरला आणि सरळ रांगेत फेकला. बहुतेकींच्या अंगावर थोडी भुकटी पडली. पण मल्लव्वाच्या तोंडावर ओंजळच्या ओंजळ बसली, आणि तिच्या लगेच उजवीकडे असलेल्या सत्तेचाळीस नंबरच्या मुलीच्याही. दोघींचे डोळे मिटले. दोघी रांगेतून बाहेर गेल्या आणि पडायच्या आत कशाबशा थांबल्या. बाकीचा घोळका निघून गेला.

“अय्यो, अय्यो!” मॅडमनी कपाळावर हात मारला. “जोतिराम, थांबव!”

आम्ही पोचलो तेव्हा मल्लव्वा एक पाय टेकून उभी होती, चेहरा गर्द पिवळा, डोळ्यांतून पाणी. तिच्या सायकलला एकच अर्धी बाटली होती. शेवटच्या वीस किलोमीटरमध्ये गाडीतून पाणी देता येत नाही, तसा नियम आहे. पंचांची मोटारसायकल शेजारीच उभी होती. जोतिरामच्या हातात भरलेली बाटली होती आणि ती तशीच हातात राहिली.

मल्लव्वाने बाटली उघडली. मग बाजूला बघितलं. सत्तेचाळीस नंबरची मुलगी मणिपूरची होती. तिचं नाव लिंथोई हे मी नंतर विचारून घेतलं. तिच्याकडे बाटलीच नव्हती. डोळे चोळून चोळून ती ते आणखी झोंबवून घेत होती.

“चोळू नगं! चोळू नगं!” मल्लव्वाने तिचा हात बाजूला केला, एका हाताने तिची मान मागे कलती केली आणि आधी तिच्या डोळ्यांत पाणी ओतलं.

“मल्लव्वा!” मॅडम ओरडल्या. “आधी तुझं बघ! बेग बेग! तिकडे घोळका गेला!”

“माज्या बानं टाकलंय न्हवं? मग तिचं आदी,” मल्लव्वा म्हणाली आणि उरलेलं पाणी स्वतःच्या डोळ्यांवर मारलं. लांबून येडू धावत येत होते. तिने त्यांच्याकडे बघून जोरात हात हलवला: येऊ नका, थांबा तिथेच. मग दोघी सायकलवर चढल्या.

पंचांनी आम्हाला शिट्टी मारली. मागे पडलेल्या मुलीपुढे किंवा शेजारी गाडी चालवता येत नाही, नाहीतर तिला गाडीचा आडोसा मिळतो. पुढे जाणं भाग होतं.

“सृष्टीला मागे पाठवायची का मदतीला?” जोतिरामने विचारलं.

“मग दोघींचे सेकंद जातील. बेरीज करतोस ना चहाच्या कपांवर?” मॅडमनी ओठ चावला. “तिनं एकटीनंच यायला पाहिजे. घोळक्याच्या मागे सदतीस सेकंद चालतील. त्याच्यावर एकही नाही.” मग त्यांनी जोतिरामचा जादा वॉकीटॉकी उचलून मागे माझ्या मांडीवर टाकला. “अण्णा, मला पुढच्या दोघींकडं बघायचंय. मल्लव्वाशी तुम्ही बोला.”

“मी?”

“तुम्हीच. वही तुमची आहे.”

मी बटण दाबलं. तीन वर्षांत पहिल्यांदा. “मल्लव्वा,” मी म्हणालो.

“कोन? अण्णा? मोठ्यानं बोला की, वारं लई हाय.”

पुढे पंचांच्या मोटारसायकलवरच्या माणसाने फळा धरला. घोळका आणि मागच्या दोघी यांच्यातलं अंतर: एक मिनिट दोन सेकंद.

“एक मिनिट दोन सेकंद आहे,” मी सांगितलं.

“लई न्हाय,” ती म्हणाली. खरं म्हणजे फार होतं, हे माझ्यासारख्यालाही कळत होतं. “ही पोरगी चांगली हाय, अण्णा. न सांगता पुढं येती. ती शंभर पावलं वढती, मी शंभर वढती.”

लिंथोईला संघाच्या बेरजेचं काही पडलं नव्हतं. तिच्या संघाच्या आशा कालच संपल्या होत्या. पण एकटीने वाऱ्याशी झुंजण्यापेक्षा दोघींनी वाटून घेणं तिलाही सोयीचं होतं, आणि मला वाटतं, डोळ्यांत पाणी ओतणाऱ्या मुलीला सोडून जाणं तिला जमलं नसतं. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. तरी मल्लव्वा सगळा वेळ तिच्याशी मराठीतच बोलत होती. वॉकीटॉकीतून मला ऐकू यायचं, “आता तू. हां. बास. आता मी.”

आठ किलोमीटर उघडा माळ होता. दोघींनी तो दात ओठ खाऊन काढला, पण फळ्यावरचा आकडा हलेना. एक मिनिट चार. एक मिनिट एक. एक मिनिट तीन. पुढे हिरव्यांना अजून पत्ता नव्हता की आमची तिसरी मागे राहिली आहे. सगळ्यांच्या अंगावर भुकटी होती आणि सगळ्याच आपापल्या जागा धरून होत्या. तो पत्ता लागला की त्या वेग वाढवणार, हे नक्की होतं.

मी वहीचं पान उलटलं. शहाऐंशीव्या किलोमीटरला माझी नोंद होती: कुंभारीची कामगारांची घरकुलं, डाव्या हाताला, दीड किलोमीटरपर्यंत. भिंतीला भिंत लागून. वारा अडतो.

ही नोंद मी पंधरा दिवसांपूर्वी संध्याकाळी केली होती. जोतिरामला गाडी थांबवायला लावून हातातला रुमाल उंच धरला होता, तो लटकून राहिला होता. पण त्या दिवशी वारा मुळात इतका होता का? मला आठवेना. मी बरोबर पाहिलं होतं की मला तसं पाहायचं होतं? मुलगी त्या जागेवर सगळी ताकद लावेल आणि वारा तसाच असेल तर पुढच्या नऊ किलोमीटरसाठी तिच्याकडे काहीच उरणार नाही.

“मल्लव्वा, ऐक. पुढे कुंभारीची घरकुलं लागतील. तिथे दीड किलोमीटर वारा अडत असावा. मला वाटतं तिथे जर तुम्ही...”

“वाटतं नगं, अण्णा. हाय का न्हाय तेवढं सांगा.”

जोतिरामने आरशातून माझ्याकडे बघितलं. तो रुमाल त्यानेही पाहिला होता.

“आहे,” मी म्हणालो. “दीड किलोमीटर वारा नाही. घोळका तिथे दम घेईल, पाणी पिईल. तुम्ही थांबू नका.”

“झालं तर मग.”

घोळका घरकुलांपाशी पोचला आणि खरंच ढिला पडला. तासाभरात पहिल्यांदा कुणाच्या तोंडावर वारा नव्हता. मुली पाठ सरळ करत होत्या, बाटल्या तोंडाला लावत होत्या. डाव्या बाजूला घरांपुढे बायका उभ्या होत्या, विड्या वळणारे हात कपाळावर धरून बघत होत्या. एकीने ओरडून विचारलं, “हळदी कुनाच्या हायती गं?” मॅडमना हसू आलं आणि लगेच त्यांनी ते दाबलं.

मागे काय चाललं होतं ते मी पाहिलं नाही. नुसतं ऐकलं. मल्लव्वाचं बोलणं बंद झालं होतं. कानात फक्त श्वास येत होता, आणि मधूनच साखळीचा बारीक आवाज. घरकुलं संपली तिथे फळा आला. एक्केचाळीस सेकंद.

मी आकडा सांगितला. पलीकडून एवढंच आलं, “आजून?”

“अजून चार सेकंद.”

तेवढ्यात हिरव्यांच्या गाडीला कळलं. त्यांची एक मुलगी पुढे झाली, मग दुसरी, आणि घोळका पुन्हा लांबट होऊन पळू लागला. त्रेचाळीस. पंचेचाळीस. त्र्याण्णवाव्या किलोमीटरला शेहेचाळीस.

मॅडम समोर बघत होत्या. त्यांच्या वॉकीटॉकीवर रुद्राणीचा आवाज आला. “मॅडम, किती आहे?”

“शेहेचाळीस.”

रुद्राणीने मान वळवून मागे बघितलं. मग, “मी पुढं जाऊन बसू का?”

पुढे जाऊन बसणं म्हणजे घोळक्याच्या तोंडाशी जायचं आणि वेग पाडायचा. मागच्यांना वाटतं ही शेवटच्या झेपेची तयारी करते आहे, म्हणून कुणी लगेच ओलांडत नाही. वाऱ्यात पहिली बाहेर पडायला कुणालाच नको असतं. पण जी हे करते तिची स्वतःची झेप त्यात संपते. रुद्राणी त्या आठवड्यात दोन टप्पे जिंकली होती. हा तिसरा तिच्या हातात होता.

“आज जिंकायचं नाही का तुला?” मॅडमनी विचारलं.

“उद्या संघ नसला तर जिंकून कुणाला दाखवू? सृष्टीलाही घेते बरोबर.”

दोघी पुढे आल्या, शेजारी शेजारी, आणि आरामात चालवू लागल्या, बाजाराला निघाल्यासारख्या. मागे हिरव्या मुली ओरडायला लागल्या. एकीने उजवीकडून निघायचा प्रयत्न केला, सृष्टी तिच्या मागे जाऊन चिकटली, त्या हिरव्या मुलीने मान वळवून बघितलं आणि आपण हिलाच आडोसा देतोय म्हणून पुन्हा मागे आली. एक किलोमीटर असं चाललं. सव्वा किलोमीटर. मग मात्र कुणीतरी सुटली, आणि सगळ्याच सुटल्या. सोलापुरातल्या अक्कलकोट नाक्याच्या अलीकडे आखलेली पांढरी रेघ ओलांडली तेव्हा पहिली केरळची एक मुलगी होती. रुद्राणी नववी. हिरव्यांच्या तिघी, आमच्या दोघी, सगळ्या एकाच घोळक्यात, सगळ्यांना एकच वेळ.

आमची गाडी बाजूला वळवली होती. मॅडम खाली उतरून रेघेपाशी पळाल्या. मी गाडीतच बसून होतो, हातात ते यंत्र.

“मल्लव्वा, पाचशे मीटर. रस्ता सरळ आहे, खड्डा नाही.”

मी वहीतली पुढची ओळ वाचली.

“तीनशे. डावीकडे राहा, उजवीकडे खडी आहे.”

मी घड्याळाकडे बघायला हवं होतं. मला ते धाडस झालं नाही. मी वळणाकडे बघत होतो. आणि मग त्या दोघी दिसल्या, चेहरे अजूनही पिवळे, घामाने ओघळ पडलेले. पुढे लिंथोई होती. ती मान खाली घालून अशी ओढत होती की जणू रेघ तिचीच आहे. शंभर मीटरवर ती बाजूला झाली आणि तिने डावा हात नुसता पुढे केला: जा. मल्लव्वा गेली. तिने रेघ ओलांडली, आणखी वीसेक हात गेली, आणि सायकलीसकट जोतिरामच्या अंगावर कोसळली.

निकालाचा कागद यायला पंचवीस मिनिटं लागली. तेवढ्या वेळात मॅडमनी तीन चहा मागवले आणि एकही प्यायला नाही. जोतिराम हाताच्या घड्याळावरून म्हणत होता पस्तीस. मॅडम म्हणत होत्या सदतीस किंवा अडतीस. मला कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलंही नसतं. शेवटी पंचांच्या मंडपातून एकजण आला आणि फळ्यावर कागद डकवून गेला. मल्लव्वा घोळक्यानंतर छत्तीस सेकंदांनी आली होती. संघांमध्ये सीना रेसिंग पहिली, दोन सेकंदांनी.

सृष्टी नाचली. रुद्राणीने मल्लव्वाला उचलायचा प्रयत्न केला आणि दोघी पडल्या. अमृतशेठ कुणाला तरी फोनवर पुन्हापुन्हा ‘दोन सेकंद’ एवढंच सांगत होते.

हे चाललेलं असताना तो टेम्पो आला. येडू उतरले आणि तिथेच उभे राहिले, फेटा काढून हातात धरून, खांद्याला शेंगापोळ्यांचं गाठोडं. त्यांचे दोन्ही पंजे अजून पिवळे होते. मॅडम त्यांच्याकडे निघाल्या तशी सृष्टी नाचायची थांबली. मॅडमचा राग आम्हाला माहीत होता.

“तुम्हीच मल्लव्वाचे वडील?”

“व्हय, मॅडम. मीच टाकला. चूक झाली. लेकीचं तोंड बगितलं आन वारंच ध्यानात आलं न्हाय. काय दंड आसंल तो माज्या नावावर घाला, तिच्या न्हाय.”

“दंड आहे,” मॅडम म्हणाल्या. “पुढच्या वर्षी यायचं. आणि रस्त्याच्या उजव्या अंगाला उभं राहायचं. कळलं?”

जमिनीवर बसलेल्या मल्लव्वाने मान वर केली. “मॅडम, फुडच्या वर्सी?”

“मग काय, तू येणार नाहीस? बाटल्या कोण आणणार, मी?”

मल्लव्वाने एक बूट काढला होता, दुसरा तसाच राहिला. तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. येडूंना सगळं कळलं नसावं, पण लेकीच्या खांद्यांकडे बघून त्यांना हवं तेवढं कळलं. ते जरा पुढे आले.

“मॅडम, मग भंडारा किती आनायचा?”

“चिमूटभर!” जोतिराम आणि सृष्टी एकदमच ओरडले.

पलीकडे पायरीवर बसून लिंथोई तिसऱ्यांदा तोंड धूत होती. येडू तिच्यापाशी गेले, हात जोडले आणि मराठीत लांबलचक माफी मागू लागले. तिला एक अक्षर कळत नव्हतं. ती मान डोलवत होती आणि हसत होती. मल्लव्वा उठली, एका पायात बूट, एक पाय अनवाणी, आणि लंगडत त्यांच्याकडे गेली.

“बा, सरका. तिला आदी शेंगापोळी द्या. सकाळपासून माज्यासंगं वारं खातीया.”